जास्वंदीचे विस्तारलेले कुळ: पाट्यांवर कोणते नाव लिहावे?

प्रश्न (फोंडा):
नमस्कार. आमच्या विद्यालयाच्या आवारातील झाडांना पाट्या लावण्याचे काम माझ्याकडे आहे. जुन्या पुस्तकांत मुरुडशेंग स्टर्क्युलिएसी कुळात, धामण टिलिएसीत आणि काटेसावर बॉम्बॅकेसीत आढळते; नव्या याद्यांत मात्र ही सर्व झाडे जास्वंदीच्या माल्व्हेसी कुळात आहेत. शिवाय खाडीकाठच्या बेलपाट्याला कुठे हिबिस्कस, तर कुठे टॅलिपरिटी म्हटलेले दिसते. हे बदल कोणत्या पुराव्यावर झाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पणजी):
कुळ निःशंकपणे माल्व्हेसी लिहावे. १९९८ च्या एपीजी (सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण ठरवणारा वनस्पतिशास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट) वर्गीकरणाने ही चार कुळे एकत्र केली आणि १९९९ मध्ये हरितलवकांतील (पेशीतील हरितद्रव्य असलेल्या घटकांतील) दोन जनुकांच्या अभ्यासाने त्या निर्णयाला भक्कम आधार दिला. जुन्या सीमा मुख्यतः परागकोशांची रचना आणि पुंकेसरांचे जुळणे पाहून आखलेल्या होत्या. वंशवृक्ष मांडल्यावर आपण उल्लेखिलेली तिन्ही कुळे एकाच पूर्वजापासून उतरलेले स्वतंत्र गट ठरली नाहीत. मुरुडशेंगेचा जवळचा आप्त ड्युरियन निघाला, जो बॉम्बॅकेसीत गणला जात असे. ज्या लिंडन वृक्षावरून टिलिएसी हे नाव पडले, त्याच्यापेक्षा धामण कोकोला जवळची आहे, आणि कोको तर स्टर्क्युलिएसीत होता. एवढी सरमिसळ असताना एखादी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) इकडून तिकडे हलवून भागणारे नव्हते, म्हणून एक मोठे कुळ आणि त्यात नऊ उपकुळे अशी मांडणी झाली. काटेसावर तर बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एकोणिसाव्या शतकात माल्व्हेसीतच ठेवली होती.

उत्तर (म्हापसा):
वरील उत्तरास एक जोड देतो. या कुळातील बहुतेक फुलांत निदलांच्या (पाकळ्यांखालील हिरव्या दलांच्या) आतील बाजूस दाट ग्रंथिल केसांच्या मधुग्रंथी असतात. मुलांना जास्वंदीच्या फुलात त्या भिंगाने अवश्य दाखवाव्यात; नुसत्या नावापेक्षा त्यातून अधिक समजेल.

उत्तर (काणकोण):
बेलपाट्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २००१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिक्सेल यांनी त्याला जास्वंदीच्या हिबिस्कस प्रजातीतून काढून टॅलिपरिटी प्रजातीत नेले. परंतु पुढील जनुकीय अभ्यासांत भेंडीची अ‍ॅबेलमॉस्कस, पॅव्होनिया आणि वनभेंडीची युरेना या प्रजातीही हिबिस्कसच्याच शाखांमधून फुटलेल्या दिसल्या. म्हणजे एकट्या बेलपाट्याला बाहेर काढल्याने हिबिस्कस एकसंध (एका पूर्वजाचे सर्व वंशज असलेला गट) होत नाही. एक तर या सर्वांना तिच्यात घ्यावे लागेल, नाही तर तिचेच अनेक तुकडे करावे लागतील. तोवर पाटीवर हिबिस्कस टिलिएसियस लिहून त्याखाली टॅलिपरिटी टिलिएसियम हे पर्यायी नाव द्यावे, असे माझे मत आहे.