ब्लेड रनर बघून झाला, आता त्या वळणाचं वाचायला-बघायला काय घेऊ?

सुदामानगर_निशाचर
मंडळी, परवा रात्री ब्लेड रनर बघितला, १९८२ चा, पण २००७ साली फायनल कट म्हणून आला ना तो. बाहेर धो धो पाऊस, पडद्यावरही पाऊसच, आणि पिक्चर संपल्यावर मी दीड वाजेपर्यंत गॅलरीत उभा, समोरच्या मेडिकलच्या पाटीचा हिरवा लाइट रस्त्यावरच्या पाण्यात हलून राहिला होता आणि डोक्यातून तो रॉय, माणसासारखा घडवलेला कृत्रिम माणूस, काही जाईना. चार वर्षांचं आयुष्य मिळालेलं, तेही संपत आलंय, आणि जो पोलीसवाला डेकार्ड आपल्याला मारायला आलाय त्यालाच हात धरून वर ओढून घेतो. का ओढलं असेल?

मला उडत्या गाड्या नकोत, रोबोटची हाणामारी पण नको. तो थकलेला पोलीसवाला, ती रात्र आणि 'आपण माणूस कशावरून' हा प्रश्न, हे जिथे एकत्र भेटेल ते सांगा. इंग्रजी वाचतो पण हळू. मराठीत असलं तर फारच छान. आणि मूळ कादंबरी घ्यावी का, की पिक्चर बघितला म्हणजे झालं?

रामबागची_वाचक
कादंबरी जरूर घे, फक्त तिच्यात पाऊस शोधू नकोस. फिलिप के. डिकची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप', १९६८ ची. गाव लॉस एंजेलिस नाही, सॅन फ्रान्सिस्को, महायुद्धानंतर सगळीकडे किरणोत्सारी धूळ आणि बरेच लोक पृथ्वी सोडून गेलेले. जनावरं जवळजवळ संपलीत म्हणून घरी खरं जनावर असणं ही इभ्रतीची गोष्ट झालीय. डेकार्डकडे मेंढी आहे ती विजेवर चालणारी, शेजाऱ्याची घोडी गाभण आहे म्हटल्यावर त्याचा जीव जळतो, आणि अँड्रॉइड, म्हणजे हे कृत्रिम माणसं, मारून जे बक्षीस मिळतं त्यातून त्याला एक खरं जनावर घ्यायचंय. पिक्चरमध्ये समोरचा माणूस की कृत्रिम हे ओळखायच्या परीक्षेत उलटं पडलेल्या कासवाचं, हातावर बसलेल्या गांधीलमाशीचं का विचारतात हा प्रश्न तुला पडला असेल, त्याचं उत्तर इथे आहे. ज्या जगात जनावरंच उरली नाहीत तिथे जनावराबद्दल कळवळा वाटतो का, हीच माणूसपणाची कसोटी ठरलीय. मी पुस्तक वाचून परत पिक्चर लावला तेव्हा ते कासव मला वेगळंच दिसलं.

अजून एक सांगते, हे सहसा कुणी सुचवत नाही. कारेल चापेकचं 'आर. यू. आर.' हे चेक नाटक, १९२० चं. रोबोट हा शब्द जगाला या नाटकाने दिला, चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी. पण त्यातले रोबोट लोखंडाचे नाहीतच! मांसासारख्या पदार्थापासून कारखान्यात घडवलेले, दिसायला आपल्यासारखे, आयुष्य वीसेक वर्षं, आणि पुढे ते माणसांकडे आपल्या जन्माचं गुपित मागतात. रॉय आपल्याला घडवणाऱ्या टायरेलच्या खोलीत जातो तो प्रसंग आठव. साठ वर्षं आधी लिहिलंय हे.

जुनी_पुस्तकं_खजूरी
ताईंचं पटतं पण हळू वाचणाऱ्याला आधी कादंबरी देऊ नका हो, तिच्यातल्या धर्माच्या भागात भले भले अडकतात. डिकच्याच दोन कथांनी सुरुवात कर, दोन्ही १९५३ च्या. 'इम्पोस्टर' मध्ये एका माणसाला पकडतात आणि म्हणतात की तू तो नाहीसच, तू त्याच्यासारखा दिसणारा रोबोट आहेस आणि तुझ्या आत बॉम्ब आहे. आता त्याने सिद्ध कसं करायचं? आठवणी तर सगळ्या आहेत त्याच्याकडे! एका बैठकीत होते. दुसरी 'सेकंड व्हरायटी', ती प्रोजेक्ट गटेनबर्ग या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे, युद्धातली आहे आणि भयंकर आहे, जेवताना वाचू नको.

पोलीसवाला पाहिजे तर आसिमोव्हची 'द केव्ह्ज ऑफ स्टील', १९५४. न्यूयॉर्क पूर्ण छताखाली, लोकांना उघड्या आकाशाची भीती बसलीय, आणि खुनाच्या तपासात डिटेक्टिव्हला जोडीदार देतात तो हुबेहूब माणसासारखा रोबोट. विज्ञानकथेत रहस्यकथा बसत नाही असं त्यांचे संपादक कॅम्पबेल म्हणायचे, त्यांना दाखवायला लिहिलेली आहे. तुझी ती रात्र मात्र यात नाही, आसिमोव्हची भाषा स्वच्छ उजेडातली.

शेवटचा_शो
रात्र पाहिजे तर पिक्चरकडे या. सगळ्यात आधी फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'आल्फाविल', १९६५, कृष्णधवल. दुसऱ्या आकाशगंगेतलं शहर म्हणून दाखवलंय आणि एकही भविष्याचा सेट नाही, सगळं त्या वेळच्या पॅरिसमध्येच रात्री शूट केलंय, काचेच्या बिल्डिंगी, लांबच लांब कॉरिडॉर, लिफ्ट, ट्यूबलाइट. लांब कोटातला हेर येतो. शहरावर एका कॉम्प्युटरचं राज्य, तिथे बायको गेली म्हणून रडणाऱ्याला मृत्युदंड आहे. पैसा नसताना नुसत्या प्रकाशावर केवढं जग उभं करता येतं ते बघा, मी तीनदा बघितलाय आणि आता रात्री एमजी रोडवरून घरी येताना बंद शोरूमच्या काचा पण तशाच दिसतात मला. मग 'डार्क सिटी' १९९८, तिथे सूर्य उगवतच नाही आणि माणसांच्या आठवणी बदलल्या जातात. मग १९९५ चा जपानी अॅनिमेशन 'घोस्ट इन द शेल'. ब्लेड रनर २०४९, म्हणजे याचा पुढचा भाग, शेवटी ठेवा, चांगलाच आहे, पण पहिल्याचा अंमल उतरल्यावर बघावा.

लोकमान्यनगरचे_काका
मराठीत हे तिन्ही एकत्र मला भेटलं नाही बाळा. नारळीकरांची 'वामन परत न आला' वाच, जमिनीखाली सापडलेल्या पेटीतल्या ज्ञानावरून घडवलेला यंत्रमानव आहे त्यात. रहस्याची चटक मात्र आमच्या पिढीला बाबूराव अर्नाळकरांनी लावली, झुंजार आणि काळापहाड आम्ही अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. नारळीकरांनी पहिली कथा विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून नाही, कथा बघून बक्षीस मिळावं म्हणून. मला फार आवडते ही गोष्ट.

सुदामानगर_निशाचर
काका, वामन उद्याच शोधतो. इम्पोस्टर काल रात्री वाचली, डिक्शनरी घेऊन दोन तास लागले, झोप गेली. आता सेकंड व्हरायटी. ताई, ते नाटक इंग्रजीत एकट्याने वाचायला जड जाईल का?

रामबागची_वाचक
नाटक एकट्याने वाचूच नये. गटेनबर्गवर इंग्रजी भाषांतर आहे, पाच-सहा जण आलात तर माझ्याकडे बसून मोठ्याने वाचू, अडेल तिथे मी मराठीत सांगत जाईन. काका, कारखान्याचा मॅनेजर डोमिन तुम्ही वाचा. रविवारी चारला चालेल का सगळ्यांना?

लोकमान्यनगरचे_काका
चालेल. चष्मा आणि चिवडा घेऊन येतो.