आरोग्य धोरणावर सूचना पाठवून उपयोग होतो का?

प्रश्न: मसुद्यावर सरकार सूचना मागवतं, त्या कुणी वाचतं का? आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दरमहा खिशातून. आयुष्मान भारतचे ५ लाख मात्र ॲडमिट झाल्यावरच. हेच लिहायचंय. लिहू का?

उत्तर १: फार आशा नको. २०१४ च्या अखेरीस खुल्या केलेल्या मसुद्यात आरोग्य मूलभूत हक्क करायचा प्रस्ताव होता. २०१७ च्या अंतिम धोरणात तो गळाला. २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट मात्र राहिलं. (कागदावर!)

उत्तर २: लिहाच हो. फक्त ‘सुधारणा व्हावी’ असलं मोघम नको. परिच्छेद क्रमांक टाका, गोळ्यांचा महिन्याचा खर्च लिहा, ओपीडीची औषधं योजनेत घ्या असं थेट मागा.

प्रश्नकर्ता: बरं, मेडिकलची बिलं काढतो. मराठीत पाठवलं तर चालेल ना?