लाईन होनिंगनंतर टायमिंग चेन ढिली, छोटी आणली तर चढेचना

क्लीव्हलंडकर_३५५
मंडळी नमस्कार. मी ओहायोत असतो, दोन वर्षं झाली गराजमध्ये शेव्हीचं (शेव्हरोले) स्मॉल ब्लॉक व्ही-एट इंजिन बांधतोय, ३५० क्युबिक इंचाचा जुना ब्लॉक ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून ३५५ केलाय, सॉलिड रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आहे आणि गाडी नॉर्वॉकच्या स्ट्रिपवर पाव मैल पळवायचीय. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन कॅपला बोल्ट काढून स्टड टाकले म्हणून मशीन शॉपमध्ये लाईन होनिंग (क्रँकच्या बेअरिंगची सगळी भोकं एका रेषेत घासणं) करून घेतलं. काल टायमिंग सेट (क्रँकवरून कॅम फिरवणारी चेन आणि दोन गिअर) लावायला बसलो, डबल रोलर, अगदी नवा, तर चेन लोंबतेय शाळेतल्या सायकलसारखी. बोटाने दाबली की जवळजवळ पाव इंच आत जाते. कोणीतरी म्हणालं मायनस १० चा (१० थाऊ कमी अंतरासाठीच्या छोट्या चेनचा) सेट घे, घेतला, तर आता कॅम गिअर डॉवेलवर (कॅमच्या तोंडावरच्या पिनेवर) चढतच नाही, चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ. रबरी हातोडी हातात घेतली होती, पण म्हटलं आधी विचारावं.
आणि कॅम डिग्री केला (कोनाची चकती लावून टायमिंग मोजलं) तर इनटेक सेंटरलाईन (इनटेक व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो तो क्रँकचा कोन) ११० येतेय, कॅम कंपनीच्या कार्डावर १०६ लिहिलंय. हा ४ डिग्रीचा फरक चेनच्या झोलामुळे का?

उद्यमनगर_टर्नर
हातोडी खाली ठेव भावा आधी.
मी कोल्हापूरचा, आमच्या इथं ट्रॅक्टर नि डिझेल इंजिनांचं लाईन बोरिंग रोजचंच. तिथं चेन नसते, टायमिंगला गिअर असतात, म्हणून क्रँक वर सरकली की गिअर एकमेकात घुसतात आणि इंजिन शिट्टी मारायला लागतं, गिऱ्हाईक सकाळी दारात. तुझ्याकडं तेच झालंय, फक्त चेन असल्यामुळं ती ढिली पडली. कॅप घासून होनिंग केलं की दगड वरून खालून सारखंच कापतो, क्रँकचं सेंटर ब्लॉकमध्ये वर कॅमकडं जातं. फिक्श्चर लावून बोरिंग केलं असतं तर माल कॅपमधून काढून सेंटर राखता आलं असतं. झालं ते झालं.
आता बघ, क्रँक-कॅममधलं अंतर नुसतं १० थाऊ कमी झालं तर चेनच्या दोन्ही बाजू मिळून साधारण २० थाऊ सुटतात. ऐकायला काहीच नाही. पण एक बाजू ताणून धरलीस तर ते सगळे २० थाऊ दुसऱ्या बाजूला जमा होतात, आणि साडेचार इंची चेन मधोमध दाबली की बोट ५ मिमी आत जातं. ५ थाऊ कमी झालं तरी पावणेचार मिमी. म्हणून बोटाच्या अंदाजानं सेट मागवू नको, बोट फसवतं. मोजून घे. लेथवर दोन मँड्रेल (मापाचे गोल दांडे) कर, एक मेन बोअरला बसणारा, एक कॅमच्या पुढच्या बेअरिंगला, दोन्ही घालून बाहेरून मायक्रोमीटर लाव आणि दोघांचा अर्धा अर्धा व्यास वजा कर. या इंजिनाला ४.५२१ इंच यायला पाहिजे, जेवढं कमी येईल तेवढ्याचा सेट. क्लॉयेस कंपनीकडं मायनस ५ पण मिळतो आणि मायनस १० पण.
घट्ट चेन चालवायचा विचार पण करू नको. चालून चालून ढिली होईल म्हणतात लोक, होते थोडी, पण तोवर कॅमचं पुढचं बेअरिंग खाऊन टाकते.

चेनस्प्रॉकेट_पुणे
एक बावळट प्रश्न, माझ्या पल्सरला टेन्शनर आहे तो आपोआप झोल खातो, मग एवढ्या मोठ्या व्ही-एटला का नाही? 😅

डेट्रॉइटचे_काका
पुणे, प्रश्न बावळट नाहीये. तुझ्या बाईकचा कॅम वर हेडमध्ये असतो, चेन लांबलचक, तापून वाढते, तिला टेन्शनर हवाच. यांचा कॅम ब्लॉकमध्येच क्रँकच्या डोक्यावर बसतो, चेन वीतभर, अंतर ठरलेलं, म्हणून १९५५ पासून हे इंजिन टेन्शनरशिवायच चालत आलंय. ज्यांना चेनच नको ते बेल्ट ड्राइव्ह लावतात, जेसेल कंपनीचा बेल्ट ड्रॅगवाल्यांच्या इंजिनांवर बराच दिसतो, पण पैसे बघून डोळे पांढरे होतात.
क्लीव्हलंडकर, तुझ्या ११० बद्दल. चेनच्या झोलामुळे कॅम मागे पडतो हे खरं, पण १० थाऊला क्रँकच्या हिशोबात जेमतेम अर्धी डिग्री. चार डिग्री त्यातून येणार नाही. तू क्रँक मागेपुढे हलवून रीडिंग घेतलंस ना? बहुतेक जण तेच करतात आणि मग कॅम कंपनीला शिव्या घालतात. काटा पुढे गेला तर मागे आणायचा नाही, सरळ आणखी दोन फेरे मारून त्याच दिशेने यायचं. आणि चावीची खाच बघ, क्रँक गिअरवर आगेमागेच्या बऱ्याच खाचा असतात, चुकून भलतीच पकडली जाते.
झोलाचा खरा त्रास इंजिन चालू झाल्यावर. लोब (कॅमवरचा उंचवटा) उतरायला लागला की व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला पुढे रेटते, दुसरा चढायला लागला की तोच कॅम मागे धरतो, रेसच्या स्प्रिंगा कडक असतात त्यामुळे चेन सारखी ताण-सूट ताण-सूट करते. डिस्ट्रिब्युटर पण त्याच कॅमवर, म्हणजे ठिणगी पण इकडेतिकडे. टायमिंग लाईट मारलास की खूण नाचताना दिसेल.
अजून एक, नवा सेट चढवायच्या आधी स्टीलची पट्टी दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर आडवी धर, दोन्ही एका रेषेत आहेत का बघ. रोलर कॅम मागे दाबून राहत नाही, फ्लॅट टॅपेटवाल्याच्या लोबला उतार असतो म्हणून तो राहतो. तुला कॅम बटण (कॅमला पुढे सरकू न देणारा टेकू) लागेल, आणि पत्र्याचं कव्हर असेल तर ते बटणाच्या दाबाने वाकतं, जाड ॲल्युमिनियमचं घे.

क्लीव्हलंडकर_३५५
काका, टर्नरदादा, शनिवार रविवार यातच गेला, पण कळलं सगळं.
मँड्रेल ऑफिसातल्या एका मित्राच्या लेथवर केले. अंतर आलं ४.५१५, म्हणजे ६ थाऊ कमी. साध्या चेनला झोल येणारच होता आणि मायनस १० ला ४ थाऊ जास्तच ताण पडत होता.
पट्टी धरली तर क्रँक गिअर दीडएक मिमी पुढे! स्नाउटच्या (क्रँकच्या पुढच्या टोकाच्या) तोंडाला बारीकशी बर (धातूची उठलेली कड) होती, गिअर ठोकून बसवताना तिथेच अडकला होता आणि मला वाटलं बसला. बर घासली, गिअर ओव्हनमध्ये तापवून सरकवला, सुळ्ळकन शेवटपर्यंत गेला. बायको विचारतेय आता या ओव्हनमध्ये दिवाळीची नानकटाई भाजायची का, त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.
मायनस ५ चा सेट मागवला, हाताने चढला, दाबून दोनेक मिमी झोल. डिग्री पुन्हा केली, एकाच दिशेने फिरवून १०८ आले, मग २ डिग्री ॲडव्हान्सच्या खाचेत टाकून १०६. म्हणजे ११० मधले दोन माझेच होते.

उद्यमनगर_टर्नर
झकास. पण ॲडव्हान्स केलास म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आला, पिस्टनवर क्ले लावून अंतर बघितलंस का? नसशील तर हेड टाईट करायच्या आधी बघ, टॉप डेडनंतर (पिस्टन सगळ्यात वर येतो त्यानंतर) १० डिग्रीच्या आसपास सगळ्यात जवळ येतो. इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० तरी पाहिजे.

क्लीव्हलंडकर_३५५
पोरीची खेळायची क्ले चोरून बघितलं, इनटेक ९५, एक्झॉस्ट ११८. कव्हर ॲल्युमिनियमचं आलंय, पण त्याच्या आतली एक कड चेनला लागतेय, उद्या तेवढी घासतो.
आणि मायनस १० चा सेट पडून आहे, पाकीट फोडलं म्हणून दुकानवाला परत घेत नाही. ओहायो-मिशिगनमध्ये कोणाला हवा असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत देतो, पण आधी सेंटर मोजून या.