नॅशनल फॉरेस्टमधला ओढा कोरडा आणि पाणी पाटाने डोंगरापलीकडे, हे चालतं कसं?

रानवाट_डेन्व्हर:
मंडळी, कोलोरॅडोत ला पूडर पासला जाऊन आलो, तिथे नेव्हर समर डोंगरांच्या अंगावर आडवा खोदलेला एक पाट आहे, ग्रँड डिच. वरून येणारे ओढे तो मधेच अडवतो आणि जे पाणी उताराने खाली कोलोरॅडो नदीत गेलं असतं ते खिंडीतून पूर्वेला लाँग ड्रॉ धरणात नेतो. पाट नॅशनल पार्कात, धरण नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सगळी जमीन सरकारी. मग ओढ्यात थोडं तरी पाणी सोडा असं सरकार सांगू शकत नाही का? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, तिथून आल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

कलम_४२:
जमीन सरकारची असली तरी पाण्याचा हक्क वेगळा असतो. कोलोरॅडोच्या 1876 च्या घटनेतच आहे, आधी ज्याने पाणी वापरात आणलं त्याचा नंबर आधी. पाटाचं काम सुरू झालं 1890 ला, पार्क झालं 1915 ला, त्यामुळे पार्क मागून आलेलं. ओढ्याच्या स्वतःच्या नावाने पाणी राखायचा कायदा राज्याने 1973 मध्ये केला आणि तो हक्क फक्त राज्याच्या जलसंधारण बोर्डालाच घेता येतो, पण नंबर 1973 नंतरचा, म्हणजे टंचाईच्या वर्षी जेव्हा माशांना पाणी हवं असतं नेमका तेव्हाच तो रांगेत शेवटी.
केंद्राकडे दुसरा रस्ता होता, जमीन राखीव केली की तिच्या उद्देशापुरतं पाणीही राखीव झालं असं सुप्रीम कोर्टाने 1908 मध्ये विंटर्स खटल्यात आदिवासींच्या राखीव जमिनीबाबत मानलं होतं. पण 1978 मध्ये न्यू मेक्सिकोच्या गिला जंगलाच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की 1897 च्या कायद्याने जंगलं राखली ती लाकडासाठी आणि खालच्या लोकांना नीट पाणी मिळावं म्हणून, मासे आणि सहली हा त्यातला मुख्य उद्देश नाही. तिथे फॉरेस्टवाल्यांचा, म्हणजे नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, हात आखडला.

बीटवाला_ग्रीली:
मी या पाण्याच्या खालच्या टोकाला राहतो म्हणून लिहितो. लाँग ड्रॉचं पाणी पुढे पूडर नदीत येतं, तिचं खोरं कोरडं आहे, पाटाचं पाणी नसेल तर इथे मका नाही, बीट नाही, आणि आता तर शहरंही त्याच पाण्यावर. लोकांनी शंभर वर्षं आधी स्वतः खोदून हक्क मिळवला, कर्ज काढताना ते पाणी तारण ठेवलं, आणि सरकारी जमिनीवर धरण ठेवायच्या परमिटचं नूतनीकरण आलं की एखादा अधिकारी म्हणणार यातलं एवढं ओढ्यात सोडा, पैसे एक पैसा नाही. हे पाणी काढून घेणंच झालं ना? ओढा वाहायला हवा हे मलाही पटतं, पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का भरायची?

रानवाट_डेन्व्हर:
बीटवाला दादा, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, थँक्यू. पण मग परमिटला अर्थ काय उरला?

मासेमार_काका:
परमिटला अर्थ आहे! सरकारी जमीन वापरू देताना मासे आणि निसर्गाचं नुकसान कमीत कमी व्हावं अशा अटी घाला असं 1976 चा जमीन कायदा सांगतो. लाँग ड्रॉवरच भांडण झालं. धरण हिवाळ्यात गेट बंद करून पाणी साठवतं, खालचा ओढा तेवढे महिने कोरडा, ट्राउट मासे जगणार कुठे? फॉरेस्टने 1994 मध्ये पाणी सोडायची अट न घालता परवानगी दिली, ट्राउटवाले, म्हणजे ट्राउट अनलिमिटेड ही माशांसाठी काम करणारी संस्था, कोर्टात गेले आणि 2004 मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की अशी अट घालायचा अधिकार फॉरेस्टला आहे. शेवटी मात्र तोडगा वेगळाच निघाला, पाणी सोडण्याऐवजी वरच्या ओढ्यांमध्ये मूळचा ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट परत वसवायचा. मला स्वतःला हे अर्धवट वाटतं, मासे एकीकडे वाढवले म्हणून दुसरीकडचा कोरडा ओढा वाहायला लागत नाही.
मात्र ग्रीलीवाल्यांचं पैशाचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यावर उपाय आहे, पाणी ओढ्याला भाड्याने द्यायचं. 2003 पासून कोलोरॅडोत हे करता येतं, आधी दहा वर्षांत तीन वर्षं, 2020 मध्ये ते पाच केलं. हक्क शेतकऱ्याकडेच राहतो, वापरलं नाही म्हणून बुडत नाही. शिवाय माशाला हिवाळ्यात लागतं ते थोडंसं, डबकी तळापर्यंत गोठू नयेत इतकं, आणि ते खाली दुसऱ्या धरणात परत धरता येतं जर सगळे मालक एकत्र बसले तर.

सह्याद्री_ओढे:
आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोडतो. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसने 1941 पासून मोनो तलावाचे ओढे वळवले, तलाव खाली गेला, आणि 1983 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की जुना हक्क असला तरी सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, त्यामुळे तो पुन्हा तपासता येतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1996 मध्ये कमलनाथ केसमध्ये याच निकालाचा आधार घेतला, तिथे बियास नदीचा प्रवाह एका मोटेलने वळवला होता, जमीन जंगलाची होती, लीज रद्द झाली. कोलोरॅडोच्या कोर्टांनी मात्र हे तत्त्व पाण्याला लावलेलं नाही, म्हणून तिथे परमिट आणि भाडं हेच हातात आहे.

मासेमार_काका:
बरोबर. रानवाट, तुम्ही तिथेच राहता तर फॉरेस्टच्या साइटवर कुठल्या धरणाचं परमिट नूतनीकरणाला आलंय ते बघत राहा, लोकांची मतं मागवतात तेव्हा कुठला ओढा, कुठल्या महिन्यात कोरडा, फोटो कधीचा, एवढं लिहून पाठवा. नुसतं निसर्ग वाचवा लिहिलं तर त्यांना त्याचं काही करता येत नाही.