लाल दिव्याचं गणित

‘तीन मिनिटांचा लाल दीडवर आणा, सगळं सुटेल’ हे मलाही पटायचं. संध्याकाळी पुण्यात नळस्टॉपच्या चौकात उभं राहून कोणालाही पटेल! पण चार बाजूंना आळीपाळीने सोडायचं तर आपला लाल म्हणजे उरलेल्या तिघांच्या हिरव्या-पिवळ्याची बेरीज. शिवाय प्रत्येक बदलाला काही सेकंद फुकट जातात: पिवळा, मग पहिली गाडी हलेपर्यंतचा वेळ. फेरी निम्मी केली की ही नासाडी तासाला दुप्पट वेळा होणार.

खरी गोम पुढे आहे. पुढचा रस्ता तुंबलेला असला की हिरवा लागूनही हलता येत नाही. तरी कोणीतरी चौकाच्या मधोमध घुसतोच आणि आडव्या रस्त्याचाही हिरवा खातो. (सगळ्यात जोरात हॉर्नही तोच वाजवतो.) झेब्रावर दाटीवाटीने उभ्या दुचाक्यांमुळे डावीकडे वळणारेही अडकतात ते वेगळंच.

नळस्टॉपला २०२२ पासून दुमजली पूल आहे, वरच्या मजल्यावरून मेट्रो, खालच्या मजल्यावरून गाड्या. चौक वरून ओलांडता येतो, मान्य. पण पुलावरून उतरणारे आणि खालून येणारे पुढे त्याच कर्वे रस्त्यावर भेटतात. तिथे कुठला दिवा बदलणार?

मी तर हल्ली सरळ गाडी बंद करतो. पेट्रोल तरी वाचतं.