फीडरवरचा स्पॅट्युलटेल चालतो का?

कोणीतरी विचारलंय की फीडरवर (म्हणजे पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर) पाहिलेला हमिंगबर्ड आपल्या यादीत 'जंगलात पाहिला' म्हणून धरायचा का. माझ्या मते धरायचा, बिनधास्त! निदान मार्व्हलस स्पॅट्युलटेल या हमिंगबर्डच्या बाबतीत तरी, कारण हा पक्षी जगात फक्त उत्तर पेरूत, उत्कुबांबा नदीच्या खोऱ्याच्या आसपासच सापडतो आणि तिथल्या झुडपांच्या गचपणात त्याला शोधायचं म्हणजे नुसती मान दुखते. तिथल्या पोमाकोचास गावाजवळच्या उएम्बो या राखीव जागेत जा, तिथे फीडर लावलेत, आजूबाजूला राखलेलं रान आहे, पक्षी काय पिंजऱ्यातला नाहीये.

फक्त एक लक्षात ठेवा, फीडरवर स्पार्कलिंग व्हायोलेटइयर या दुसऱ्या हमिंगबर्डची दादागिरी चालते, त्यामुळे आपले साहेब घाईघाईत येतात, दोन घोट घेतात की पसार. कॅमेरा आधीच सेट करून ठेवा, स्क्रीन बघत बसलात तर गेलं. आणि लांब शेपूट नसलेला दिसला तर हिरमुसू नका, मादी आणि तरुण नरांना ती लांब शेपूट नसतेच. मोठ्या नराच्या शेपटीत पिसं फक्त 4, त्यातली दोन तारेसारखी बारीक, एकमेकांना छेद देऊन जाणारी, टोकाला जांभळट निळी चकती. मादीसमोर हवेत तरंगताना त्या चकत्या तो स्वतंत्रपणे हलवतो, एवढ्याशा जिवाला हे कसं झेपतं देव जाणे.

हा नाच मात्र फीडरवर दिसणं कठीण, त्यासाठी तिथल्याच गाईडला धरून झुडपांकडे जावं लागतं.