शिन फंगशिया पुन्हा रंगमंचावर का आल्या नाहीत?

रंगपट:
चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत (1966-76) छळ झालेले काही ऑपेरा कलावंत 1970च्या दशकाच्या शेवटी परतले. फिंगजू या चिनी ऑपेरा प्रकारातल्या गायिका-अभिनेत्री शिन फंगशिया मात्र नाही. 1975मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली, हे माहीत आहे. पण नुसतं गाणं सांभाळता आलं नसतं का? आणि 1998मध्ये निधन होईपर्यंतची 23 वर्षं त्यांनी काय केलं?

विलंबित:
या प्रकारात गाणं अंगापासून सुटं काढता येत नाही. स्त्रीपात्र गुडघे जवळ ठेवून, टाच आधी टेकत, बारीक पावलांनी चालतं. खांदे-डोकं हलता कामा नये. शिन यांचा गुडघा तर सांस्कृतिक क्रांतीतल्या मारहाणीतच दुखावला होता. बाहीला जोडलेली लांब पांढरी रेशमी पट्टी मनगटाच्या झटक्याने फेकायची आणि पुन्हा घड्या घालत मनगटावर आणायची, तीही तालात. एक हात लुळा पडला की निम्मा अभिनय गेला. धड एका बाजूला कललं की लांब ओळीला दमही पुरत नाही.

बीजिंग ऑपेराचे नामवंत कलावंत मेइ लानफांग यांचे चिरंजीव आणि स्वतः गायक-नट मेइ बाओच्यू सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत ध्वनियंत्रणा सांभाळत होते, पुढे परत उभे राहिले. त्यांचं शरीर शाबूत होतं, फरक तिथेच पडला.

आडवाट:
विलंबित यांच्याशी सहमत, पण नुकसान 1957पासून मोजा. पती, नाटककार वू झूक्वांग, 'उजवे' (म्हणजे पक्षविरोधी) ठरले आणि घटस्फोटासाठी दबाव आला. नाटकातली वांग बाओछ्वान नवऱ्यासाठी 18 वर्षं थांबली, मी 28 थांबेन, असं त्यांनी सांगितलं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत मारहाण, भुयारी निवारे खोदणं. फिंगजूत बाई खुल्या आवाजात गाते, बीजिंग ऑपेरासारखा चोरटा आवाज (फॉल्सेटो) लावत नाही. रोजचा रियाज तुटला की वरच्या पट्टीत आवाज आधी फाटतो.

उजवा हात मात्र चालत होता. नामवंत चित्रकार छी बाइशींकडे चित्रकला शिकल्या होत्या, त्यामुळे फुलं-फळं रंगवली. चित्रांवर मजकूर पती लिहीत. शिक्षण जेमतेम असूनही आठवणींची पुस्तकं लिहिली. शिष्यांनाही शिकवलं, गू वनयुए त्यांतल्याच.

रंगपट:
आभार. पाहायला कुठून सुरुवात करू?

विलंबित:
त्यांचा 1963चा 'ह्वा वेइ मेइ' चित्रपट. बागेत फुलांची नावं घेत गातात तो प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा, नजर पावलांवर ठेवा. मग आवाजासह.